उलार गाडी आणि सेटअपचा कागद

हा आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लिखित उतारा. बसमध्ये नेट जातं, ऑफिसात इयरफोन लावता येत नाही, अशांसाठी. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा काय इतिहास झाला? विषय आहे रिमोटवर चालणारी ऑफ-रोड बगी. खेळण्याच्या दुकानात मिळते ती नाही. ही दीड किलो वजनाची, खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची असते आणि तिच्या जागतिक स्पर्धा होतात. त्यातही मी बोलणार आहे तिच्या सस्पेन्शनबद्दल, म्हणजे चाक आणि गाडी यांच्यामधल्या त्या सगळ्या दांड्या, स्प्रिंगा आणि शॉकअप. पण शेवटी आपण पोचणार आहोत भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावात, माझ्या मोठ्या बाबांच्या अंगणात. थोडा धीर धरा.

आधी मी कोण ते सांगतो. मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव हे माझं गाव. लोकांना ते कोशाच्या कापडासाठी माहीत आहे. लहानपणी शाळेत जाताना दोन्ही बाजूंनी मागांचा खटखटाट ऐकू यायचा. आमचं घर मात्र विणकरांचं नाही, वाढयांचं, म्हणजे सुतारांचं. वडिलांचे थोरले भाऊ, माझे मोठे बाबा, बैलबंड्या बनवायचे आणि पटाचे छकडेही. मी मेकॅनिकलला बीटेक केलं आणि नोकरी सॉफ्टवेअरमध्ये करतो. ही गोष्ट आपल्याकडे नवीन नाही, त्यामुळे हसू नका.

दोन वर्षांपूर्वी मी पुण्यात एक जुनी, वापरलेली बगी विकत घेतली. दिवाळीत ती गावाला नेली. धान कापून झालेलं, बांधी कोरडी पडलेली, मधे मधे धसकटं. यापेक्षा चांगला ट्रॅक कुठे मिळणार? गाडी सोडली. सरळ ठीक गेली. वळणावर मात्र पुढची चाकं मातीवरून नुसती घसरत होती, आणि बांधीच्या धुऱ्यावरून उडाली की पार्श्वभागावर आपटत होती. मी स्प्रिंग बदलून पाहिली, तेल बदलून पाहिलं. तासभर झाला. मोठे बाबा धुऱ्यावर बसून बघत होते. शेवटी त्यांनी गाडी मागितली, पंजावर घेतली, तळहाताने दाबली, दोन बोटांवर तोलली आणि म्हणाले, "बापू, हे उलार हाय गा. समोर वजन दे."

उलार म्हणजे मागून जड. बंडीत मागे जास्त भार भरला की ती उलार होते, जू वर उचललं जातं आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. मी बॅटरी दोन सेंटिमीटर पुढे सरकवली. गाडी वळायला लागली.

तेव्हा मला जरा लाज वाटली आणि खूप प्रश्न पडले. त्या प्रश्नांमुळे हा भाग तयार झाला.

तर सुरुवात करू. हा सगळा पसारा आला कुठून?

गोष्ट सुरू होते फोक्सवॅगन बीटलपासून. फर्डिनांड पोर्शेने आखलेल्या या गाडीला प्रत्येक चाकाचं सस्पेन्शन वेगळं होतं. स्प्रिंग म्हणून वेटोळं नव्हतं, पीळ बसणारी पोलादी सळी होती. चाक वर गेलं की सळी पिळली जायची आणि परत फिरून चाक खाली ढकलायची. साधं, मजबूत, दुरुस्तीला सोपं. अमेरिकेत कॅलिफोर्नियात ब्रूस मायर्स नावाचा एक माणूस होता, फायबरग्लासच्या बोटी बनवण्याचं काम जाणणारा. त्याने १९६४ मध्ये बीटलचे भाग घेऊन वर फायबरग्लासची हलकी कवचासारखी बॉडी बसवली. वाळूत पळणारी गाडी झाली, नाव मायर्स मँक्स. १९६७ मध्ये मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया या लांबट, वाळवंटी द्वीपकल्पावर उत्तरेपासून ला पाझपर्यंत पहिली मोठी शर्यत झाली. व्हिक विल्सन आणि टेड मँगल्स या दोघांनी मँक्स पळवून ती जिंकली. वेळ २७ तास ३८ मिनिटं. अवजड, ताकदवान गाड्या मागे राहिल्या. खडबडीत जमिनीवर इंजिनाच्या ताकदीइतकंच, किंवा जास्तच, हलकेपण आणि चाक जमिनीला धरून ठेवणं कामाला येतं, हे सगळ्यांना दिसलं.

या बाहाच्या वाळूतून दोन फाटे फुटले, आणि दोन्ही आपल्या गोष्टीत आहेत.

पहिला फाटा कॉलेजांचा. १९७६ मध्ये अमेरिकेत साउथ कॅरोलायना विद्यापीठात 'मिनी बाहा' नावाची स्पर्धा सुरू झाली. इंजिनिअरिंगच्या पोरांनी स्वतः एका माणसाची ऑफ-रोड गाडी बनवायची, सगळ्यांना इंजिन सारखंच. दुसरा फाटा खेळण्यांचा. त्याच वर्षाच्या शेवटी जपानच्या टामिया कंपनीने आपली पहिली रिमोट कार विकायला काढली, पोर्शे ९३४. ती सपाट रस्त्याची होती. पण १९७९ मध्ये टामियाने दोन ऑफ-रोड गाड्या आणल्या, रफ रायडर आणि सँड स्कॉर्चर. सँड स्कॉर्चर म्हणजे हुबेहूब वाळवंटी बीटल. पुढचं-मागचं सस्पेन्शनही खऱ्या बीटलच्या धर्तीवर, धातूच्या भागांचं, आणि तेलाचे शॉकअप.

आता इथे एक मिनिट थांबू, कारण तेलाचा शॉकअप म्हणजे काय हे कळलं नाही तर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल.

स्प्रिंग आणि शॉकअप ही दोन वेगळी कामं आहेत. खड्डा आला की स्प्रिंग दबते. पण दबलेली स्प्रिंग तितक्याच जोरात परत उसळते, मग परत दबते, परत उसळते. जुन्या, गेलेल्या शॉकअपच्या काळीपिवळीत बसला असाल तर गतिरोधकानंतर गाडी कशी झुलत राहते ते तुम्हाला माहीत आहे. हे झुलणं मारायचं काम शॉकअपचं. नळीत तेल असतं, तेलात भोकं असलेली एक चकती वरखाली होते. तेलाला त्या भोकांतून जायला वेळ लागतो, त्यात उसळीचा जोर जिरतो. भोकं बारीक केली किंवा तेल घट्ट घेतलं की हालचाल संथ होते. उलट केलं की चपळ. रिमोट बगीच्या शॉकअपमध्ये तीसचं तेल घालायचं की पस्तीसचं, चकतीला दोन भोकं की तीन, यावर लोक अर्धा अर्धा दिवस घालवतात. थंडीत तेल घट्ट होतं, उन्हात पातळ. डिसेंबरच्या सकाळी नीट चाललेली गाडी आपल्या भंडाऱ्याच्या मे महिन्यात माकडासारखी उड्या मारेल.

आणखी एक गंमत बघा. गाडी दहापट लहान केली, पण गुरुत्वाकर्षण लहान होत नाही. खरी गाडी तीन मीटरवरून खाली पडली तर जमिनीवर यायला साधारण ०.७८ सेकंद लागतात. दशांश मापाची बगी तीस सेंटिमीटरवरून पडली तर ०.२५ सेकंद. म्हणजे तिच्या जगात सगळं तिप्पट वेगाने घडतं. चाकाने खड्डा ओळखून सावरायला मिळणारा वेळही तितकाच कमी. म्हणून खऱ्या गाडीचं सस्पेन्शन नुसतं लहान करून चालत नाही. सँड स्कॉर्चर देखणी होती, पण जड होती. शर्यत जिंकायला दुसरीच काहीतरी वस्तू लागणार होती.

ती वस्तू १९८४ मध्ये आली. कॅलिफोर्नियातल्या असोसिएटेड कंपनीच्या रॉजर कर्टिसने बनवलेली आरसी-१०. सोनेरी रंगाचा ॲल्युमिनियमचा ट्रेसारखा सांगाडा, नायलॉनचे लांब सस्पेन्शन-हात आणि नीट यंत्रावर कातलेले तेलाचे शॉकअप. खऱ्या गाडीसारखं दिसायचा हट्ट सोडून दिलेला. ज्या कामासाठी बनवली ते काम डोळ्यांसमोर ठेवून आखलेली. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या डेल मार इथे दशांश मापाच्या ऑफ-रोड बगींची पहिली जागतिक स्पर्धा झाली. मागची दोन चाकं ओढणाऱ्या गटात जे हॅल्सीने आरसी-१० घेऊन विजेतेपद मिळवलं. चारही चाकं ओढणाऱ्या गटात गिल लोसी ज्युनिअर जिंकला, त्याची गाडी जपानी योकोमोची होती.

इथून पुढे दर दोन वर्षांनी जगभरातली मंडळी एकत्र यायला लागली आणि 'प्रोटोटाइप' हा प्रकार सुरू झाला. प्रोटोटाइप म्हणजे बाजारात न आलेला, वर्कशॉपमध्ये एक-दोनच बनवलेला भाग. कंपनी तो आपल्या खेळाडूला देते, तो मैदानात तोडतो, जोडतो, परत येऊन सांगतो. टिकला तर वर्ष-दोन वर्षांत तुमच्या-माझ्यासारख्यांच्या डब्यात येतो.

इंग्लंडच्या सेसिल शूमाकरचंच बघा. हा माणूस आधी कॉसवर्थ या रेसिंग इंजिनांच्या नामांकित कंपनीत इंजिनिअर होता. तिथली समज त्याने हातावर मावणाऱ्या गाडीत आणली आणि बारीक छऱ्यांवर चालणारा डिफरन्शिअल बनवला. वळताना आतलं चाक कमी फिरतं, बाहेरचं जास्त. हा फरक सांभाळण्याचं काम डिफरन्शिअल करतो, आणि छऱ्यांचा असला की स्क्रू आवळून तो हवा तसा घट्ट किंवा सैल करता येतो. १९८७ मध्ये इंग्लंडातल्या रॉम्सी इथे जागतिक स्पर्धा झाली तेव्हा शूमाकरची कॅट घेऊन चार-चाकी गटात जिंकला एक जपानी मुलगा, मासामी हिरोसाका. १९८९ मध्ये सिडनीला त्याने दोन्ही गट मारले. पुढे त्याच्या नावावर एकूण चौदा जागतिक विजेतेपदं जमा झाली. आणि १९९१ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटला दोन-चाकी गट जिंकला क्लिफ लेट. तो असोसिएटेडमध्येच काम करणारा इंजिनिअर होता. गाडी आखणारा आणि पळवणारा एकच माणूस. आदल्या रात्री टेबलावर काय बदललं आणि सकाळी मातीवर त्याचं काय झालं, हे दोन्ही त्याच्याच हातांना कळत होतं.

हे वाक्य लक्षात ठेवा. आपल्याला परत इथे यायचंय.

आता एवढे चांगले भाग सगळ्यांकडे पोचले की जिंकणार कोण? जो आपली गाडी त्या दिवसाच्या मातीला जुळवून घेईल तो. याला म्हणतात सेटअप. आणि सेटअप ठेवण्यासाठी या लोकांनी एक साधी गोष्ट केली, जी मला या सगळ्या इतिहासात सर्वात मोठी वाटते. त्यांनी कागद बनवला. सेटअप शीट.

एका पानावर गाडीचं रेखाचित्र आणि रकाने. जमिनीपासून उंची किती मिलिमीटर. चाक वरून किती अंश आत झुकलेलं. गाडी उचलली की चाक किती खाली लोंबतं. शॉकअपचं तेल, चकती, स्प्रिंगचा रंग. शॉकअपचं वरचं टोक कुठल्या भोकात. बॅटरी पुढे की मागे. टायर कोणते, आत स्पंज कोणता. आणि सर्वात खाली, ट्रॅक कसा होता: सुका की ओला, भुसभुशीत की घट्ट, खड्डेवाला की सपाट. स्पर्धा संपली की बरेच खेळाडू आपलं पान सगळ्यांसाठी खुलं करतात. जिंकणाऱ्याचंसुद्धा. चौदा वर्षांच्या पोराला जगज्जेत्याच्या गाडीत कुठला वॉशर किती जाडीचा होता ते कळू शकतं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला व्हर्जन कंट्रोल म्हणतो. काय बदललं, कधी बदललं, का बदललं. आधीचं बरं होतं असं वाटलं तर परत जायची वाट शिल्लक राहते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने फरक पडला हे कधीच कळत नाही.

हे मला कुठे शिकायला मिळालं? हरून.

मघाशी मी म्हटलं ना, बाहाच्या वाळूचा पहिला फाटा कॉलेजांकडे गेला. तो आपल्याकडे २००७ मध्ये पोचला. बाहा एसएईइंडिया ही स्पर्धा त्या वर्षी मध्य प्रदेशात इंदूरजवळच्या पिथमपूरला पहिल्यांदा झाली. महाराष्ट्रातल्या कितीतरी कॉलेजांची पोरं तेव्हापासून वर्षभर वेल्डिंगच्या ठिणग्यांत रात्री काढतात. चढण, वळणं, सस्पेन्शनची परीक्षा आणि शेवटी चार तासांची सहनशक्तीची शर्यत. तिसऱ्या वर्षाला मीही आमच्या कॉलेजच्या टीममध्ये होतो, सस्पेन्शनवर. जायच्या आधीच्या दहा दिवसांत आम्ही शॉकअपचा कोन तीनदा बदलला, स्प्रिंग दोनदा, टायरमधली हवा रोजच. कुणी काही लिहून ठेवलं नाही. गाडी दुसऱ्या चाचणीत अप्रतिम चालली होती, हे सगळ्यांना आठवत होतं. तेव्हा शॉकअप कुठल्या भोकात होता, हे कुणालाच आठवत नव्हतं. सहनशक्तीच्या शर्यतीत पुढचा खालचा हात जोडावर तुटला आणि आमची गाडी दोरीने ओढत बाहेर आली. वेल्डिंग माझ्यासमोर झालं होतं. दोष दुसऱ्या कुणाचा नव्हता.

तर आता आंधळगावला परत जाऊ.

विदर्भात बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात हे बऱ्याच जणांना माहीत असेल. हलका छकडा, दोन बैल, वर धुरकरी. छकड्याला स्प्रिंग नाही, शॉकअप नाही. सगळं सस्पेन्शन म्हणजे धुरकऱ्याचे गुडघे आणि कंबर. मग सुताराच्या हातात काय उरतं? चाकाचा व्यास. आस कुठे बसवायचा. धुरीची लांबी. लाकूड कुठे जाड ठेवायचं, कुठे तासायचं. आणि तोल. मागे वजन गेलं की उलार, पुढे गेलं की सगळा भार बैलांच्या मानेवर. बरोब्बर मधे ठेवायचं, आणि तेसुद्धा वर माणूस बसल्यावर, तो पुढे वाकल्यावर. रिकाम्या गाडीचा तोल साधून उपयोग नाही.

हीच मारामारी रिमोट बगीच्या जगातही झाली. कितीतरी वर्षं दोन-चाकी बगीची मोटर मागच्या आसाच्याही मागे असायची. सैल मातीवर ते बरं, कारण मागच्या चाकांवर भार राहतो आणि ती माती पकडतात. पण युरोपात ट्रॅकवर गालिचा आणि कृत्रिम गवत आलं, पकड वाढली, आणि उलार गाडी वळेना. मग मोटर आसाच्या पुढे आणली गेली. २०११ च्या सुमारास तर अशा गाड्या आल्या ज्यांत मोटर मागे ठेवायची की मधे, हे ट्रॅक बघून तुम्हीच ठरवायचं. माझी बगी जुन्या पद्धतीची, मोटर मागे. आमच्या गावात कन्हार म्हणजे काळी चिकट जमीन. धान निघाल्यावर ती वाळली की सिमेंटसारखी टणक होते. अशा जमिनीवर ती वळणार कशी?

नंतर मी हिशोब केला. गाडी दीड किलो, बॅटरी तीनशे ग्रॅम. बॅटरी दोन सेंटिमीटर पुढे सरकवली की गाडीचा गुरुत्वमध्य फक्त चार मिलिमीटर पुढे जातो. चाकांमधलं अंतर धरलं तर मागच्या चाकांवरचे साधारण वीस-एकवीस ग्रॅम पुढे येतात. घड्याळात घालतो त्या पेन्सिल सेलपेक्षाही थोडं कमी. मोठ्या बाबांनी ते दोन बोटांवर ओळखलं होतं.

मी विचारलं, "मोठे बाबा, छकडा बनवताना हे सगळं तुम्ही कुठे लिहून ठेवलंय का?"

म्हणाले, "कायले लिवाचं? हाताले समजते."

तोपर्यंत ठीक होतं. मग मी म्हटलं, तुमचा एखादा छकडा दाखवा, मी मापं घेतो. ते गप्प झाले.

७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. कारण होतं प्राण्यांचे हाल, आणि खरं सांगायचं तर ते हाल मी लहानपणी पाहिलेत. टोचणी, शेपटी पिरगाळणं, हे व्हायचं. त्याबद्दल मला सारवासारव करायची नाही. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, तरी शर्यती सुरू व्हायला १६ डिसेंबर २०२१ उजाडावा लागला. त्या दिवशी न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली.

बातम्यांत ही तारखांची यादी असते. आमच्या अंगणात ती साडेसात वर्षं होती. मोठ्या बाबांचे दोन छकडे पडवीत उभे होते. एकाला वाळवी लागली. दुसऱ्याची चाकं कुणीतरी हॉटेलच्या सजावटीसाठी नेली आणि उरलेलं लाकूड एका पावसाळ्यात चुलीत गेलं. या काळात त्यांच्या हाताला कंप सुटला. पट परत सुरू झाले तेव्हा धुरकरी पोरं आली, पण वेल्डिंगच्या दुकानात. लोखंडी पाइप, तयार चाकं, दोन दिवसांत छकडा तयार. त्यात वाईट काही नाही, पाइप हलका असतो, तुटला तर जोडता येतो. पण गावातल्या एका पोराचा असा छकडा मी बघितला, धुरी दोन बोटांवर उचलली. उलार होता. बैलांच्या गळ्याशी जू घासत होतं. त्या पोराला ते ठाऊकच नव्हतं, कारण त्याला सांगणारी साखळी मधेच तुटली होती.

म्हणजे ज्या गोष्टीसाठी बंदी आली, बैलाचा त्रास, तो थोडा तरी कमी करणारी विद्या बंदीच्या काळातच चुलीत गेली.

क्लिफ लेटबद्दल मी म्हटलं होतं, गाडी आखणारा आणि पळवणारा एकच. मोठे बाबाही तसेच. तरुणपणी स्वतः बनवलेल्या छकड्यावर स्वतः धुरकरी. टेबल आणि माती दोन्ही त्यांच्या हाताखाली. लेटच्या गाडीतून पुढे बाजारात भाग आले, पानं आली, दुसऱ्यांनी ती वाचली. मोठ्या बाबांचे सगळे छकडे प्रोटोटाइपच राहिले. एकेक बनला, पळाला, मोडला, आणि पुढच्या माणसाकडे काहीच गेलं नाही. हुशारी दोन्हीकडे होती. एकीकडे कागद होता.

मग मागच्या दिवाळीत मी कागद घेऊन बसलो. रिमोट बगीच्या सेटअप शीटचाच नमुना घेतला, चित्र बदललं, रकाने मराठीत केले. चाकाचा व्यास. आऱ्यांची संख्या. तुंब्याचं लाकूड. आसापासून जूपर्यंतचं अंतर. रिकाम्या छकड्याचं जूजवळचं वजन. धुरकरी बसल्यावरचं वजन. बैल उंच असतील तर काय बदलायचं, ठेंगणे असतील तर काय. जमीन कन्हार असेल तर, सिहार असेल तर. एकूण चोवीस रकाने.

पहिल्या दिवशी त्यांनी तीन सांगितले आणि कंटाळले. "बापू, कागदाले कसं समजन?" दुसऱ्या दिवशी मी त्या पोराचा लोखंडी छकडा मागून आणला. तेव्हा मात्र ते उठले. धुरीखाली हात घातला, मला म्हणाले, आता तू धर. किती वाटते? मी भाजीवाल्याचा लटकता काटा लावला. आकडा लिहिला. मग त्यांनी आस किती सरकवायचा ते वीतभर मापाने दाखवलं, आम्ही वेल्डिंगवाल्याकडे जाऊन तो सरकवून घेतला, परत काटा लावला. परत लिहिलं. एक बदल, एक नोंद. त्या एका छकड्याने मला अकरा रकाने भरून दिले. शब्दांत जे सांगता येत नव्हतं, ते चुकीची गाडी समोर आल्यावर त्यांच्या तोंडून आपोआप निघालं.

उरलेले रकाने रिकामे आहेत. त्यांतले काही लाकडी चाकाचे आहेत, आणि तसं चाक आता गावात नाही. एका रकान्यापुढे त्यांनी मला लिहायला लावलं, "इसरलो." तसंच लिहिलंय.

पानाच्या झेरॉक्स काढल्या. एक त्या पोराकडे, एक वेल्डिंगच्या दुकानात भिंतीला चिकटवलेली. वेल्डिंगवाला म्हणाला, आता गिऱ्हाईक आलं की आधी काटा लावतो. तेवढं झालं तरी मला पुरे आहे.

मंडळी, तुमच्या घरात कुणीतरी असेल. माग लावणारी आजी, पितळी भांडं ठोकणारे काका, ट्रकचे कमानपाटे बसवणारा मामा. त्यांना "तुमची कला सांगा" असं विचारू नका, काही सांगणार नाहीत. एखादी बिघडलेली, चुकीची बसवलेली वस्तू त्यांच्यासमोर ठेवा आणि हातात पेन धरून बसा. बाजूला ट्रॅक कसा होता तेही लिहा, म्हणजे तारीख, हवा, जमीन. आणि जे आठवलं नाही, तो रकाना खोडू नका. रिकामा ठेवा.

माझी बगी सध्या मोठ्या बाबांच्या पडवीत आहे, जिथे छकडे उभे असायचे तिथेच. शेजारची पोरं ती चालवतात आणि काही बिघडलं की त्यांच्याकडे घेऊन जातात. फोनवर मला अपडेट मिळतो. गेल्या रविवारचा असा होता: "समोरची स्प्रिंग लय कडक हाय, बदलव. आन लिवून ठेव."

लिहून ठेवलंय. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा.